खेळाच्या जोरावर अमेरिकी कॉलेज : पालकांचे प्रश्न

बारावीचं वर्ष सुरू झालं की हेच प्रश्न येतात. उत्तरंही तीच आहेत.

प्रश्न : मुलगा राज्यस्तरावर बॅडमिंटन खेळतो. आयव्ही लीगचे (हार्वर्ड, येलसारख्या आठ कॉलेजांचे) कोच त्याला घेतील का?

उत्तर : नाही. एनसीएए म्हणजे अमेरिकी कॉलेजांच्या खेळांची संघटना. बॅडमिंटन तिच्या खेळांत नाही, क्रिकेटही नाही. अर्जात कामगिरी म्हणून जरूर लिहा.

प्रश्न : आयव्हीत स्पोर्ट्स स्कॉलरशिप किती मिळते?

उत्तर : एक डॉलरही नाही. आठही कॉलेजं मदत देतात ती घरची आर्थिक स्थिती बघून. एमआयटी, विल्यम्स, ॲमहर्स्ट यांचंही तेच. स्टॅनफर्ड, ड्यूक खेळासाठी देतात. ओळखीतल्या कुणाला ‘येलची स्पोर्ट्स स्कॉलरशिप’ मिळाल्याचं ऐकलं असेल, तर ते ऐकीवच समजा. परदेशी अर्जदारांचे नियम प्रत्येक कॉलेजच्या मदत कार्यालयाला लेखी विचारा.

प्रश्न : मुलगी नुकतीच बारावीत गेली, पोहते. आयव्हीच्या एका कोचने ‘तू आम्हाला संघात हवी आहेस’ असं लिहिलंय. प्रवेश पक्का धरून बाकीचं बोर्डानंतर बघू का?

उत्तर : पक्का धरू नका आणि बोर्डापर्यंत तर मुळीच थांबू नका. असं पत्र कोच अनेकींना लिहितो. प्रवेश देतं ॲडमिशन ऑफिस. कोचच्या हातात मोजकी नावं पुढे करणं असतं, आणि तुमच्या मुलीचं नाव त्यात आहे का, एवढंच महत्त्वाचं. अकरावीनंतरच्या १ जुलैपासून कोच तिच्या गुणपत्रिका आणि सॅटचा स्कोअर ॲडमिशन ऑफिसला दाखवून अंदाज घेऊ शकतो. हे प्री-रीड. आयव्हीत गुणांवरून अकॅडेमिक इंडेक्स काढतात. तो कमी पडला तर वेगवान मुलगीही गळते. कोचला मुलीनेच विचारावं, तुम्ही नव्हे : प्री-रीड झालं का? काय उत्तर आलं? तुम्ही माझं नाव पुढे करणार का? लाइकली लेटरची (प्रवेश जवळपास नक्की असल्याच्या आगाऊ पत्राची) शक्यता आहे का? हे पत्र १ ऑक्टोबरपासून निघतं आणि ॲडमिशन ऑफिसकडूनच येतं. ते हातात येईपर्यंत इतर अर्जांची तयारी चालू ठेवा. लवकरच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर असते. फेब्रुवारीत जागे होणाऱ्यांसाठी कोचकडे काही उरत नाही.

हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात कोचने निवडलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळाल्याचं पुढे आलं. तो आकडा आधीच गाळून घेतलेल्यांचा आहे, पोहणाऱ्या प्रत्येकीचा नव्हे. आणि पोहण्याच्या वेळा ५० मीटर तलावातल्या, मूळच पाठवा. तिकडच्या कॉलेजांच्या शर्यती बहुतेक २५ यार्डांच्या तलावात होतात. हिशोब कोच करतो.

प्रश्न : एक एजन्सी म्हणते, ‘प्रवेश आणि स्कॉलरशिप मिळाली तरच फी.’ सुरक्षित वाटतं.

उत्तर : उलट आहे. स्कॉलरशिप मिळवून देण्यावर ठरलेली फी एनसीएएच्या नियमात बसत नाही. मुलाची हौशी खेळाडू म्हणून पात्रताच धोक्यात येते. ‘कोट्यातून सीट’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. २०१९मध्ये उघड झालेल्या कॉलेज-प्रवेशाच्या घोटाळ्यात येलच्या महिला फुटबॉल संघाच्या कोचने लाच घेऊन न खेळणाऱ्या मुलीला खेळाडू दाखवलं होतं. सही करण्याआधी करार एनसीएएच्या नियमांच्या जाणकाराला दाखवा.

प्रश्न : राज्य मंडळाची मराठी कागदपत्रं चालतील?

उत्तर : मूळ प्रतीसोबत इंग्रजी भाषांतर लागतं, नववीपासूनच्या सगळ्या वर्षांचं. नववीची गुणपत्रिका शाळेतून आजच काढून घ्या. कुठले विषय धरले जातील, ते एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरला (खेळाडूंची पात्रता तपासणाऱ्या कार्यालयाला) विचारा.