इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच नॅरोबोट (कॅनालवरची लांब, अरुंद बोट) भाड्याने घेतोय. लॉकमधून बोट नेताना काय काळजी घ्यावी आणि तिथले मॅनर्स काय असतात?

लॉक म्हणजे बोट वरच्या-खालच्या पातळीवर न्यायची दोन्ही टोकांना गेट असलेली पाण्याची खोली, आणि पॅडल म्हणजे तिच्यात पाणी घ्यायची-सोडायची झडप. बाकी गेट कुठलं, पॅडल कुठलं हे बोट ताब्यात देताना दाखवतात, यूट्यूबवर व्हिडिओ पण ढिगाने आहेत, ते मी सांगत बसत नाही. पण तुम्ही प्रश्नाच्या खाली लिहिलंय की चौघं जण आहोत आणि टिलर (बोट वळवायचा मागचा दांडा) मीच धरणार, वीस वर्षं गाडी चालवतोय. हे वाचलं आणि म्हटलं आता लिहायलाच पाहिजे, कारण माझे साडू अगदी हेच म्हणाले होते.

टार्डबिगला झालं हे, वूस्टर-बर्मिंगहॅम कॅनालवर. तिथे सव्वादोन मैलात ३० लॉक आहेत एकामागे एक, अख्ख्या ब्रिटनमध्ये एवढी लांब रांग दुसरी नाही. आम्ही वरून खाली उतरत होतो. बोट ५७ फुटी, साडू टिलरवर, मेव्हणी आत चहा करत होती, आणि मी आणि बायको काठावर विंडलस (पॅडल उघडायचं लोखंडी हँडल) घेऊन हमाली करत होतो. पहिले तीन-चार लॉक मस्त गेले, त्यामुळे सगळेच जरा हवेत होते.

उतरताना लॉकमध्ये एकच गोष्ट जिवावरची असते, ती म्हणजे सिल. वरच्या गेटखाली जो दगडी कट्टा असतो तो. लॉक भरलेलं असताना तो दिसतच नाही, पाणी उतरलं की वर येतो, आणि बोटीचं बूड तेव्हा त्याच्यावर असेल तर मागची बाजू तिथेच अडकते आणि पुढची पाण्याबरोबर खाली जाते. त्यासाठी काठावर पांढरी रेघ मारून ठेवलेली असते, बोटीची मागची बाजू तिच्या पुढेच ठेवायची. आमची बोट ५७ फूट आणि लॉक ७० फुटाच्या वर, म्हणजे पुढे सरकायला भरपूर जागा होती. पण साडूंना वाटलं नाक खालच्या गेटवर आपटेल, म्हणून त्यांनी थोडा रिव्हर्स टाकला आणि मग मोबाईल काढून देखाव्याचा व्हिडिओ घेत बसले. गिअर रिव्हर्समध्येच! बोट हळूहळू मागे.

आधी आतून कप-बश्या घसरल्याचा आवाज आला, मग मेव्हणीची किंकाळी. मी वळून बघतो तर बोटीचं नाक खाली गेलेलं आणि मागचा भाग वरच, भिंतीला हिरवा ओला शेवाळाचा पट्टा दिसतोय आणि साडू टिलरला लटकल्यासारखे उभे. बायकोने सेकंदभर पण वाया घालवला नाही, तिच्या बाजूचं पॅडल धाडकन पाडून बंद केलं, मी पळत जाऊन माझं पाडलं, मग ती वर धावत गेली आणि वरचं पॅडल जरा जरा करत उघडलं. पाणी चढलं तशी बोट सिलवरून आपोआप सुटली. हा क्रम पाठ करा, आधी खालची पॅडल बंद, ती पूर्ण बंद झाली की मगच वरची हळू उघडायची.

कोणाला लागलं नाही, पण रडर (पाण्याखालचं सुकाणू) त्याच्या खोबणीतून निसटलं होतं, बोट वळेचना. कंपनीचा माणूस येऊन ते बसवून देईपर्यंत मागे तीन बोटी खोळंबल्या. त्यातल्या एका बोटीवरच्या आजीबाई, एकट्याच बोट चालवणाऱ्या, येऊन विचारतात की चालवत कोण होतं? मी आणि साडूंनी एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात हा विषय निघतो. साडूंचं म्हणणं मी पाणी फार जोरात सोडलं. अहो पाणी जोरात सोडा नाहीतर थेंब-थेंब सोडा, बूड रेघेच्या मागे असेल तर अडकणारच ना? हळू सोडलं असतं तर हळू अडकली असती, एवढाच फरक. टिलर धरणं म्हणजे गाडी चालवणं नाही. गाडीला ब्रेक असतो, इथे रिव्हर्स हाच ब्रेक, आणि टिलर डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. आणि माझं स्पष्ट मत आहे की टिलरवर दिवसभर ऐटीत उभं राहायचं आणि बायकांनी गेटं ढकलायची हा प्रकारच बंद व्हायला पाहिजे, ज्याचं वजन जास्त त्याने गेट ढकलावं.

मॅनर्सचं विचारलंत. लॉकमधलं पाणी तुमच्या नाही, पलीकडच्या बाजूच्या पातळीला असेल तर आधी पलीकडून कोणी येतंय का बघा. येत असेल तर लॉक त्यांचं, तुम्ही थांबायचं. उगाच रिकामं किंवा भरून घेतलंत तर एका फेरीत लाखभर लिटरच्या वर पाणी फुकट जातं आणि समोरचा तुमच्याकडे असा बघतो की मेल्याहून मेल्यासारखं होतं (पहिल्या दिवशी झालंय). दुसऱ्याची बोट लॉकमध्ये असताना त्यांच्या पॅडलला न विचारता हात लावू नका, मदत म्हणून पण नाही. बाहेर पडलात की पॅडल पाडा, गेट लावा, फक्त समोरून बोट येताना दिसत असेल तर त्यांच्यासाठी उघडं ठेवा. लॉकच्या तोंडाशी बोट बांधायची जागा असते ती लॉकसाठी थांबायला, जेवायला नाही. आणि बांधलेल्या बोटींजवळून अगदी हळू जा. ताशी ४ मैलांची मर्यादा आहे म्हणजे सगळीकडे ४ ने जायचं असं नाही, लोकं राहतात त्या बोटींत, त्यांचा पण चहा सांडतो.

विंडलस पॅडलच्या दांड्यावर लावून सोडू नका, खटका निसटला की ते गरगर फिरून तोंडावर बसतं. पॅडल पण हँडलने फिरवून खाली आणायचं, धाडकन सोडायचं नाही. बायकोने सोडलं ती इमर्जन्सी होती. एक विंडलस जास्तीचं मागून घ्या, आमचं एक पाण्यात गेलं. उतरताना दोरी खुंट्याला बांधू नका, नाहीतर बोट दोरीला टांगली जाईल, नुसता एक वेढा देऊन हातात धरा.

आता खरं सांगायचं तर, पॅडल आधी अर्धं उघडून बोट कशी बसतेय ते बघायचं आणि मग पूर्ण उघडायचं असं आम्हाला डेमोत सांगितलं होतं. मी एकदम पूर्ण उघडलं होतं आणि मागच्या बोटवाल्याशी त्याच्या कुत्र्याबद्दल गप्पा मारत होतो. पॅडलवाल्याने शेवटपर्यंत बोटीकडे बघायचं असतं. पण म्हणून गिअर रिव्हर्समध्ये ठेवायचा का?

पुढच्या उन्हाळ्यात लँगॉलेन कॅनालचं ठरतंय, लॉक कमी आहेत तिकडे. साडू पण येतायत. टिलर बायको धरणार आहे, विंडलस आम्हा दोघांकडे.