निरोगी त्वचेवरचे जिवाणू फवारून लहान मुलांचा एक्झिमा बरा होतो का?

आज तरी असा सिद्ध झालेला उपचार उपलब्ध नाही, पण ही कल्पना निराधारही नाही. एक्झिमा झालेल्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू फोफावतो आणि दाह वाढवतो. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी निरोगी माणसांच्या त्वचेवरून घेतलेला रोझिओमोनास म्युकोसा हा जिवाणू साखरेच्या पाण्यात मिसळून रुग्णांच्या कोरड्या, लालसर चट्ट्यांवर फवारून पाहिला. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 3 ते 16 वर्षांच्या 20 मुलांपैकी 17 जणांचा त्रास निम्म्याहून अधिक कमी झाला. मात्र त्यात तुलनेसाठी औषधविरहित फवारा दिलेला गट नव्हता, आणि एक्झिमा आपोआपही कमी-जास्त होत असल्यामुळे ही उणीव माझ्या मते मोठी आहे. पुढे याच जिवाणूपासून एका कंपनीने तयार केलेले औषध 2021 मध्ये अशा तुलनात्मक चाचणीत अपयशी ठरले.

त्यामुळे सध्या आंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच सुगंधविरहित मॉइश्चरायझर भरपूर लावणे आणि चट्टे उठल्यावर डॉक्टरांनी सांगितलेले स्टिरॉइडचे मलम, पालकांना त्याची धास्ती वाटत असली तरी, सांगितलेल्या प्रमाणात वापरणे हा भरवशाचा उपचार आहे. चट्ट्यांतून पिवळसर स्राव येऊन खपल्या धरू लागल्यास जंतुसंसर्गाची शक्यता असते. अशा वेळी मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्यावे.