टोकियोला निघताय म्हणून

तुमचे प्रश्न आधी एकत्र मांडते. यजमानांना टोकियोत वर्षाला 75 लाख येनची नोकरी मिळतेय, मुलगी पाच वर्षांची, सध्या कोथरूडला आहात. निशी-कासाईत, म्हणजे टोकियोतल्या भारतीय वस्तीच्या भागात, भाड्याने घर घ्यावं का, शाळा कुठली, हातात किती उरेल, सोबत काय न्यावं, आणि शेवटी, "ताई, तुम्ही स्वतः परत जाल का?"

शेवटच्यापासून सुरू करते, कारण नुकतीच जाऊन आलेय. 2008 ते 2017 आम्ही निशी-कासाईत काढली, मग नवऱ्याच्या नोकरीपायी सिंगापूरला आलो. 2025च्या ऑक्टोबरमध्ये साडेआठ वर्षांनी दहा दिवसांसाठी गेलो. माझं जुनं सुईका कार्ड, म्हणजे पैसे भरून रेल्वेला वापरायचं कार्ड, ड्रॉवरमध्ये पडून होतं. सलग दहा वर्षं वापरलं नाही तरच ते बाद होतं. स्टेशनच्या फाटकावर टेकवलं आणि आत 1,340 येन तसेच! मी तिथेच रडले, मागे रांग खोळंबली. बाहेर किनमोकुसेई फुललेला होता. नारिंगी बारीक फुलं, वास सगळ्या गल्लीभर. संध्याकाळी वॉर्डाच्या भोंग्यावर मुलांना घरी बोलावणारी धून वाजली तेव्हा तर मी मुलाला शोधायला वळले. मुलगा पंधरा वर्षांचा, माझ्या शेजारीच उभा होता.

पण या दहा दिवसांवर विसंबून तुम्ही काही ठरवू नका. 2017 मध्ये एका सिंगापूर डॉलरला ऐंशीच्या आसपास येन मिळायचे, या वेळी 115च्या घरात. पाहुणी म्हणून मला सगळंच स्वस्त लागलं, हॉटेलात दोनदा सुशी झाली. तुम्ही मात्र येनमध्ये कमावणार आणि रुपयांत हिशेब करणार. 2012 मध्ये 100 येनचे 65 रुपयांहून जास्त यायचे, आता 60 सुद्धा येत नाहीत. मधल्या काळात पुण्यात फ्लॅटच्या किमती कुठे गेल्या ते तुम्हीच सांगा. आमच्या वेळी तीन वर्षं राबून सांगलीत घर बांधणारे लोक होते. तो हिशेब मनातून काढून टाका.

75 लाखांतले कर, विमा, पेन्शन कापून साधारण पंचावन्न लाख हातात येतील. पहिल्या वर्षी जरा जास्तच येतील आणि तिथेच गंमत आहे. रहिवासी कर आदल्या वर्षीच्या कमाईवर लागतो, म्हणजे नवीन माणसाला सुरुवातीला काहीच नाही आणि दुसऱ्या वर्षी जूनपासून एकदम साधारण दहा टक्क्यांचा दणका. आम्ही त्या आधीच मोठा सोफा घेऊन बसलो होतो.

आता घर. खाजगी घरमालकाकडे गेलात तर अनामत रक्कम वेगळी, 'रेइकिन' म्हणजे मालकाला परत न मिळणारी भेट वेगळी, दलाली वेगळी, हमी देणाऱ्या कंपनीची फी वेगळी. शिवाय "परदेशी नको" हे गोड आवाजात ऐकावं लागतं. म्हणून यूआरची घरं बघा. ही सरकारी संस्थेची भाड्याची घरं. दोन महिन्यांची अनामत द्यायची. रेइकिन नाही, दलाली नाही, हमीदार नाही, करार वाढवण्याची फी नाही. पगाराची अट असते, ती तुम्ही पार कराल. इमारती जुन्या असतात, एवढंच. परदेशी माणसाला जपानमध्ये मिळणारं निवासी कार्ड हातात आल्याशिवाय घर मिळत नाही, तेव्हा पहिला महिना कंपनीकडून राहायची सोय मागून घ्या. नोकरी स्वीकारण्याआधीच मागा, नंतर कोणी देत नाही.

निशी-कासाईत भारतीय जमले ते 2000 साली संगणकांतल्या तारखांचा घोळ (वायटूके) होणार होता, त्याच्या कामासाठी आलेल्या इंजिनियरांपासून. तोझाई या मेट्रो लाइनने ओतेमाची, निहोनबाशीची ऑफिसं वीसेक मिनिटांत, आणि यूआरची घरं मुबलक. आज डाळ, पोहे, हिंग, हिंदी बोलणारा दुकानदार, गणपती, दिवाळी, सगळं आहे. अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये इथूनच, एदोगावा वॉर्डाच्या परिषदेवर निवडून आले. तोट्याचं सांगायचं तर सकाळची तोझाई लाइन. 2019च्या मोजणीत किबा आणि मोंझेन-नाकाचो या स्टेशनांमध्ये क्षमतेच्या 199 टक्के गर्दी होती. कोविडनंतर कमी झालीय, पण ठाण्याहून सकाळची फास्ट पकडलेल्याला मी घाबरवत नाही.

पाण्याचं मात्र गंभीरपणे सांगते. एदोगावा वॉर्डाचा सुमारे सत्तर टक्के भाग भरतीच्या पातळीखाली आहे. 2019 मध्ये वॉर्डाने पुराचा नकाशा काढला त्याच्यावर आपल्याच वॉर्डाकडे बोट दाखवून छापलं होतं, "इथे थांबू नका." त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोठं वादळ आलं आणि ओळखीच्यांनी रात्र शाळेच्या हॉलमध्ये काढली. घर बघताना तो नकाशा मागून घ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या वरच घ्या. स्टेशनच्या दक्षिणेला भराव घालून वसवलेला सेइशिनचो उंचावर आहे, तिथे मिळालं तर सोडू नका.

शाळेचा प्रश्न तुम्ही एका ओळीत विचारलात, पण सगळं त्याच्यावर बसलंय. टोकियोत राहणार की नुसतं निशी-कासाईत, हे शाळा ठरवते.

आमचा मुलगा 2010चा. दोन वर्षं तो जपानी बालवाडीत गेला आणि चौथ्या वर्षी वॉर्ड ऑफिसात माझा दुभाषा झाला. काउंटरपलीकडची बाई त्याच्याशी बोलायची, तो मला मराठीत सांगायचा, "आई, इथे सही कर म्हणतेय." मग आम्ही विचार केला की उद्या बदली झाली तर काय, आणि त्याला भारतीय शाळेत घातलं. सीबीएसई, इंग्रजी माध्यम, सोबत सगळी आपलीच मुलं. दोन वर्षांत त्याचं जपानी पुसलं गेलं. माझं तर भाजीवालीपुरतंच होतं. खरंच बदली झाली आणि सिंगापुरात त्याला काहीच जड गेलं नाही, म्हणून निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. पण किंमत काय दिली ते या वेळी कळलं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. 11 मार्च 2011ला दुपारी पावणेतीनला भूकंप झाला तेव्हा मी घरात एकटी, मूल एका वर्षाचं. नवरा ऑफिसातून चालत रात्री पोचला. मी दारात नुसती उभी होते. या बाईंनी वर येऊन मुलाला आपल्या कोटात गुंडाळलं, माझा हात धरला आणि जिन्याने मैदानात नेलं. नंतर सहा वर्षं आम्ही रोज एकमेकींना वाकून नमस्कार केला. त्यापलीकडे मला काही बोलता आलं नाही.

या वेळी विमानात एक वाक्य पाठ केलं होतं. आजी आहेत, पाठीतून वाकल्यात. त्यांनी लगेच ओळखलं. मी वाक्य म्हटलं, बहुधा बरोबर म्हटलं, कारण त्या बोलू लागल्या आणि पाचेक मिनिटं थांबल्याच नाहीत. मला 'जिशिन' म्हणजे भूकंप आणि 'ओओकी' म्हणजे मोठा, एवढेच दोन शब्द कळले. मी मुलाकडे बघितलं. तो ओशाळून म्हणाला, "मला पण नाही कळत." आजींनी त्याच्या दंडावर थोपटलं आणि आत जाऊन पर्सिमन फळांची पिशवी आणून दिली.

म्हणून तुम्हाला विचारते, किती वर्षांसाठी जाताय? तीनपेक्षा कमी असतील तर भारतीय शाळा घ्या, फी जड आहे पण परतणं सोपं. पाच किंवा जास्त असतील तर मुलीला सरकारी जपानी शाळेत घाला. सहा पूर्ण झाल्यावरच्या एप्रिलमध्ये पहिली सुरू होते. फी नाही आणि टोकियोच्या वॉर्डांत आता जेवणही मोफत. तुम्ही शाकाहारी असाल तर डब्याची परवानगी शाळेकडून आधीच घ्या, कारण भाजीच्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. मराठी घरी बोला, इंग्रजी ती कुठेही उचलेल. आणि तुम्ही स्वतः पहिल्या महिन्यात वॉर्डातल्या स्वयंसेवकांच्या जपानी वर्गाला नाव घाला, अगदी थोडक्या पैशांत असतो. "स्थिरस्थावर झाल्यावर" म्हणालात तर माझ्यासारखी नऊ वर्षं जातील.

पेन्शनचं पटकन: दहा वर्षांच्या आत जपान सोडलात तर भरलेल्यातला काही भाग एकरकमी परत मिळतो, कमाल पाच वर्षांच्या हिशेबाने. अर्ज सोडल्यापासून दोन वर्षांत करावा लागतो. दोन्ही देशांतली पेन्शनची वर्षं एकत्र धरणारा भारत-जपान करार 2016 पासून लागू आहे, पण एकरकमी उचलली की ती वर्षं खात्यातून जातात. कागद फेकू नका.

परत जाईन का? कुणी नोकरी दिली तर सोमवारी निघेन. दुपारी जपानी शिकायला मात्र आत्ताच सुरुवात केलीय, ऑनलाइन.

सामानात गोडा मसाला आणि भाजणी घ्या, बाकी सगळं मिळतं. ताजा कढीपत्ता, आंबे नकोत, विमानतळावर वनस्पती तपासणीत अडकतात. पुण्यातला मिक्सर नेऊ नका, तिथे वीज 100 व्होल्टची असते आणि चटणी वाटताना तो नुसता कण्हतो. 110 व्होल्टचा मागवा, दुकानदार आठवडा लावतात.