दहा वाजताचं दूध

“मॅडम, आमचं बाळ वेळापत्रक पाळत नाही.”

समोर बसलेल्या आईने खुर्चीत टेकायच्या आधीच हे सांगून टाकलं. बाळ सात आठवड्यांचं होतं, सोबत आलेल्या सासूबाईंच्या मांडीवर झोपलेलं. नवरा दाराशी पिशवी सांभाळत उभा होता. मी त्याला बसायला सांगितलं. बाळाच्या झोपेचं बोलायचं असेल तर घरातल्या सगळ्यांनी बसायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

लहान बाळांच्या झोपेबद्दल मी कुटुंबांना समुपदेशन करते, आणि ही काळजी माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत येते. बाळाने रात्रीचा दिवस केलाय. किती तासांनी पाजायचं? मागेल तेव्हा जवळ घेतलं तर वाईट सवय लागेल का? रात्रभर कधी झोपणार? या कुटुंबाची गोष्ट मी त्यांच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आईने फोनमधला एक तक्ता दाखवला. ओळखीतल्या कुणीतरी पाठवलेला. सकाळी सातला दूध, नऊ ते साडेदहा झोप, दहा वाजले की पुन्हा दूध, असं दर तीन तासांनी. रात्री दहाचं दूध ठळक अक्षरात होतं आणि खाली सूचना होती की हे चुकवू नका, म्हणजे बाळ सलग झोपेल. तो तक्ता कोणत्या वयाच्या बाळासाठी आहे, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि नीट पाहिलं तर दहाचं दूध आणि साडेदहापर्यंतची झोप एकमेकांवर येत होती. पंधरा दिवस हा तक्ता उराशी धरून जगणाऱ्या आईला ते दिसलं नव्हतं, इतकी ती दमलेली होती.

तक्त्याशेजारी तिची वही. त्यात “जमलं” आणि “नाही जमलं” असे दोन रकाने. दुसरा रकाना भरून वाहत होता.

“संध्याकाळी तर ते ऐकतच नाही,” ती म्हणाली. “पाजून तासही होत नाही तोवर पुन्हा तोंड उघडून शोधायला लागतं. मी झुलवते, फिरवते. तीन तास व्हायचे असतात ना अजून. मग इतकं रडतं की शेवटी पाजताना दोघंही रडतो.”

“मी म्हणते पाज, भूक लागलीये त्याला,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “पण तिला वाटतं मी बिघडवतेय.”

भांडण नव्हतंच हे. दोघींचाही जीव बाळावर होता आणि दोघीही घाबरलेल्या होत्या.

मी आधी वजन विचारलं. जन्मताना 2.9 किलो, सहा आठवड्यांच्या तपासणीत 4.1. म्हणजे दिवसाला साधारण 29 ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला 20 ते 30 ग्रॅम वाढ ही चांगली वाढ. लंगोट दिवसातून सात-आठ वेळा ओले होत होते. सहाच्या वर असले की दूध पुरतंय असं समजायला हरकत नसते. हे दोन आकडे मी नेहमी सगळ्यात आधी विचारते, कारण “वेळापत्रक बिघडलंय” या तक्रारीच्या आड कधीकधी दूध कमी पडणं किंवा आजारपण दडलेलं असतं. तसं असेल तर समुपदेशन बाजूला ठेवून आधी डॉक्टर. बाळ दूध प्यायलाही जागं होत नसेल, लघवी कमी झाली असेल, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर सकाळची वाट बघू नये.

इथे तसं काहीच नव्हतं. बाळ छान वाढत होतं. मोडत चालली होती ती आई.

घड्याळाप्रमाणे पाजण्याची कल्पना जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये डॉ. ट्रुबी किंग यांनी चार-चार तासांनी पाजा, रात्री पाजू नका, अशी शिस्त लावून दिली आणि ती दूरवर पसरली. त्या आयांनी कुठल्या मनाने दारामागे उभं राहून रडणं ऐकलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. आज जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दोघेही सांगतात की बाळ मागेल तेव्हा पाजा, रात्रीसुद्धा. अंगावर पिणारं लहान बाळ 24 तासांत आठ ते बारा वेळा पितं. पण हे समान अंतराने होत नाही. संध्याकाळी बरीच बाळं थोड्या थोड्या वेळाने पीत राहतात आणि मग एकदम मोठी झोप काढतात. यात दूध आटल्याची खूण नाही आणि लाडही नाही. तोंड वळवून शोधणं, मुठी तोंडात घालणं, ओठ चोखणं या भुकेच्या पहिल्या खुणा. रडणं बरंच नंतर येतं. घड्याळाकडे बघत थांबलं की आपण नेमके त्या रडण्यापर्यंत पोचतो, आणि रडून दमलेलं बाळ धड पीतही नाही.

सहा-सात आठवड्यांचं वयही मुळात रडण्याचं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 1962 साली 80 बाळांच्या रडण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नोंदी आयांनीच ठेवल्या होत्या. निरोगी बाळांचं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वाधिक, दिवसाला सुमारे पावणेतीन तास, आणि तेही जास्त करून संध्याकाळी. पुढे ते उतरत जातं. हे ऐकल्यावर आईने मला ते पुन्हा सांगायला लावलं. “म्हणजे माझ्या तक्त्यामुळे रडत नाही ते?” काही अंशी तक्त्यामुळेही, मी खरं ते सांगितलं, पण पुष्कळसं वयामुळे.

आता निघायचं म्हणून ती उठली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, “काल पहाटे सोफ्यावर पाजता पाजता डोळा लागला माझा. जाग आली तेव्हा बाळ उशीच्या फटीत सरकलं होतं.”

मी सगळ्यांना परत बसवलं.

दमलेल्या आईला झोप येणारच, त्यात तिचा दोष नाही. पण सोफा किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोप लागणं हे फार धोक्याचं, पलंगापेक्षाही जास्त. गादीच्या खाचेत नाक-तोंड दाबलं गेलं तर एवढ्याशा बाळाला मान फिरवता येत नाही. म्हणून मी त्यांना स्पष्ट सांगितलं की रात्री पाजताना झोप लागेल असं वाटत असेल तर सोफ्यावर बसूच नका. पलंगावरच्या उश्या आणि जाड पांघरुणं आधीच दूर करून तिथे पाजा, आणि जाग आली की लगेच बाळाला त्याच्या जागी ठेवा. त्याची जागा म्हणजे आई-बाबांच्याच खोलीत, वेगळी, सपाट आणि कडक गादी, त्यावर फक्त घट्ट बसवलेली चादर. उशी नाही, लोड नाही, खेळणी नाहीत. झोपवायचं ते पाठीवर, प्रत्येक वेळी, दिवसाच्या डुलकीलाही. सासूबाईंनी विचारलं, “पाठीवर उलटी झाली तर गुदमरेल ना?” निरोगी बाळ पाठीवर असताना आलेलं दूध गिळतं किंवा बाहेर टाकतं, पालथ्या झोपेतच धोका जास्त. त्यांची शंका रास्त होती आणि ती त्यांनी विचारली याचं मला बरं वाटलं.

त्या दिवशी मी आईकडून एडिनबरो प्रश्नावलीही भरून घेतली. बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाहूल घेणारे ते 10 प्रश्न, 1987 पासून वापरात आहेत, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतात. 30 पैकी 12 गुण आले. स्वतःला इजा करण्याबद्दलचा शेवटचा प्रश्न शून्य होता, तरी मी तो तोंडी पुन्हा विचारला. 12 म्हणजे निदान नव्हे, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. तिच्या डॉक्टरांना कळवायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भरायचं ठरलं.

घरी करायला मी एकच काम दिलं. तक्ता फोनमधून काढून टाका. चार दिवस आधी काही ठरवू नका, फक्त घडलं ते नंतर लिहा: बाळ कधी प्यायलं, कधी झोपलं. आणि आई कधी झोपली. तिच्या वहीत बाळाचे सगळे रकाने होते, तिच्या स्वतःच्या झोपेचा एकही नव्हता.

पुढच्या भेटीला नवरा एक मोठा कागद घेऊन आला. पहिल्या भेटीत तो जेमतेम दोन वाक्यं बोलला होता. त्याने प्रत्येक दिवसाची एक ओळ, तिचे 24 चौकोन केले होते. बाळाची झोप निळी, दूध लाल ठिपका, बायकोची झोप हिरवी. कागद टेबलावर पसरला आणि बराच वेळ कुणीच बोललं नाही.

आधी लाल ठिपके. दिवसाला दहा-अकरा, संध्याकाळी पाच ते आठमध्ये दाटीने. मग निळा रंग. “हे झोपतच नाही” म्हणून आणलेलं बाळ दिवसाला सरासरी 15 तास झोपत होतं. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी जागतिक आरोग्य संघटना 14 ते 17 तास सांगते. दिवसाच्या डुलक्या चाळीस-पन्नास मिनिटांच्या होत्या, ज्यांना ती “मोडलेली झोप” म्हणायची. लहान बाळाचं झोपेचं एक आवर्तनच साधारण 50 मिनिटांचं असतं. काही बाळं ते संपलं की पुढच्यात शिरतात, काही उठतात. शिवाय निम्मी झोप चाळवलेली असते: हातपाय हलतात, तोंड वेडंवाकडं होतं, कण्हल्यासारखा आवाज येतो. ती त्या आवाजाला लगेच उचलायची. मी म्हटलं, आधी जरा थांबून बघा, डोळे उघडलेत का. बऱ्याचदा ते झोपेतच बोलत असतं.

आणि चारही ओळींत एका जागी निळा पट्टा होता. रात्री पावणेनऊच्या सुमारास सुरू, साडेबारा-एकपर्यंत सलग. बाळाची सगळ्यात लांब झोप. तक्ता असताना याच पट्ट्याच्या मधोमध, दहा वाजता, त्याला उठवलं जात होतं. अर्धवट जागं झालेलं बाळ चार घोट पिऊन साडेअकरापर्यंत किरकिरायचं.

हिरवा रंग मात्र साडेअकराला सुरू होत होता. पावणेनऊला बाळ झोपलं की ती उरलेली कामं काढायची. ती आडवी व्हायची तेव्हा बाळाची मोठी झोप संपत आलेली असायची. मग रात्रभर तुकडे. सलग झोप कधीच दीड तासाच्या वर नाही.

“म्हणजे ती आठ-साडेआठलाच झोपायला हवी,” नवरा म्हणाला. “कामं माझी.”

मी हेच सांगणार होते, पण ते त्याने सांगितलं हे फार मोलाचं. मी फक्त दहा वाजता उठवणं थांबवण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या असं म्हटलं. पहिल्या दिवसांत, जन्माचं वजन भरून येईपर्यंत, बाळाला उठवून पाजावं लागतं. पुढेही काही बाळांना लागतं. या बाळाचं वजन पाहून डॉक्टरांनी झोपू द्या म्हणून सांगितलं.

बाळाच्या बाबतीत आम्ही जवळजवळ काहीच बदललं नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. सात आठवड्यांच्या बाळाला वेळापत्रक शिकवता येत नाही, कारण दिवस-रात्रीचं भान देणारं शरीरातलं घड्याळच अजून तयार होत असतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ते हळूहळू लागतं. त्याला मदत करता येते. सकाळी पडदे उघडून उजेडात आणायचं, दिवसा घरातला आवाज चालू द्यायचा, रात्री मंद दिवा, कमी बोलणं, लंगोट बदलून पुन्हा झोप. झोपण्याआधी रोज एकाच क्रमाने दोन-तीन गोष्टी, अंग पुसणं, कपडे बदलणं, पाजणं. क्रम सारखा ठेवायचा, वेळ मागेपुढे झाली तरी चालते. पाजता पाजता झोपलं तर झोपू द्यावं. या वयात ते नैसर्गिक आहे आणि त्यावरून आयांना अपराधी वाटायला लावणारे सल्ले ऐकले की मला मनापासून वाईट वाटतं.

वेळापत्रक बसवायचं ते मोठ्यांचं. नवऱ्याने रात्रीची कामं आणि सकाळी सहा ते आठ बाळाला घेतलं. सासूबाईंनी संध्याकाळचे ते अवघड तीन तास आईशेजारी बसायचं ठरवलं, बाळ दोन वेळा पिण्याच्या मध्ये खांद्यावर घेऊन. “पाजू दे तिला हवं तितकं,” त्या मला म्हणाल्या, आणि मग सुनेकडे वळून, “मी बिघडवत नव्हते गं.” “माहीत आहे, आई,” ती म्हणाली.

तिसऱ्या भेटीला बाळ दहा आठवड्यांचं होतं. प्रश्नावलीचे गुण सातवर आले होते. संध्याकाळचं रडणं पूर्ण थांबलेलं नव्हतं, कमी झालं होतं. तिने या वेळी कागद आणला नव्हता.

“मंगळवारपासून पट्टा सरकलाय मॅडम,” तिने सांगितलं. “आता साडेनऊला झोपतं, दोनला उठतं.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“मीपण साडेनऊला झोपते.”