मरळीसाठी बेटकास्टिंग रीळ: आपल्या लुअरवर कसं तपासायचं

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. बास मासेमारीच्या अमेरिकन व्हिडिओंमधल्या चाचण्या बघून नाशिकमध्ये मरळीसाठी बेटकास्टिंग रीळ (फेकताना ज्यातली दोरीची फिरकी स्वतः फिरते ते) घेतलं तर चालेल का, आणि फ्रॉग (रबरी बेडूक), स्पिनरबेट (फिरत्या पात्यांचं), क्रँकबेट (ओढलं की बुडी मारणारा माशाच्या आकाराचा) या सगळ्या लुअरना, म्हणजे नकली आमिषांना, एकच रीळ पुरेल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: एक रीळ पुरेल, पण ते तुमच्या सगळ्यात हलक्या लुअरवर तपासून घेतलं तरच. जड लुअर कुठलंही बरं रीळ लांब फेकतं, त्यावरून काहीच कळत नाही.

व्हिडिओतली माणसं खोटं सांगत नाहीत. ती त्यांच्या माशासाठी आणि त्यांच्या वजनांवर तपासतात. लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा, आणि बाजारातली बरीचशी बेटकास्टिंग रिळं त्यालाच डोळ्यांसमोर ठेवून बनलेली आहेत. त्यांचा पोकळ फ्रॉग साधारण १४ ग्रॅम किंवा त्याहून जड असतो. आपण मरळीला जे छोटे फ्रॉग वापरतो ते बहुतेक ६ ते १० ग्रॅमचे. व्हिडिओत १४ ग्रॅमला सुरेख चालणारं रीळ ७ ग्रॅमला गुंता करून हातात देतं. रीळ बिघडलेलं नसतं. एवढ्या हलक्या वजनाला ते जड स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली फिरकी, फिरवता येत नाही.

गुंता का होतो हे नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बेटकास्टिंग रिळात लुअर दोरीला ओढतं आणि दोरी स्पूलला फिरवते. लुअरचा वेग हवेत कमी होत जातो, पण स्पूल आपल्याच गतीने फिरत राहतं. मग दोरी बाहेर जाण्याऐवजी स्पूलवरच सैल पडते. म्हणून लुअरच्या वजनाइतकाच त्याला होणारा हवेचा अडथळाही मोजायला हवा. १० ग्रॅमचा स्पून (चमच्यासारखा धातूचा लुअर) आणि १० ग्रॅमचा स्पिनरबेट एकाच सेटिंगवर फेकून बघा. स्पून सरळ निघून जातो. स्पिनरबेटची पाती हवा अडवतात, तो मध्येच मंदावतो आणि स्पूल त्याच्या पुढे धावतं. वजन तेच असूनही स्पिनरबेटला ब्रेक जास्त लागतो. पाय फाकलेल्या फ्रॉगचंही तेच. चाचणीत स्पूनसोबत स्पिनरबेट आणि फ्रॉग असलेच पाहिजेत.

आता ब्रेक, म्हणजे फेकताना स्पूलला आवरणारी सोय. मॅग्नेटिक ब्रेकमध्ये चुंबकामुळे फिरत्या स्पूलमध्ये विद्युत प्रवाह तयार होतो आणि तोच स्पूलला आवरतो. हा जोर वेगाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे फेकीच्या शेवटीही थोडा शिल्लक राहतो. सेंट्रीफ्युगल ब्रेकमध्ये छोटे ठोकळे बाहेर फेकले जाऊन कडेला घासतात. तिथला जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सुरुवातीला कडक आणि शेवटी जवळजवळ नाहीच. वाऱ्यात हलका फ्रॉग फेकणाऱ्या नवख्या माणसाला मी मॅग्नेटिक सुचवतो. अंगठा तयार झाला की सेंट्रीफ्युगल रीळ जड लुअरला जास्त मोकळं वाटतं. डिजिटल कंट्रोलवाली (इलेक्ट्रॉनिक ब्रेकची) रिळं चांगली असतात, पण पहिल्याच रिळावर एवढा खर्च करू नका.

चाचणी पाण्यावर सुरू करू नका. गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते, तिथेही नको. पीक निघालेलं मोकळं रान बघा, मालकाला विचारा आणि लुअरचे गळ काढून टाका. दोरी मात्र बादलीत भिजवून घ्या. कोरडी ब्रेडेड (अनेक धागे विणलेली) दोरी आणि ओली ब्रेडेड दोरी यांत फरक पडतो, आणि धरणावर ती कायम ओलीच असणार.

प्रत्येक लुअर बांधल्यावर आधी स्पूलचा ताण लावा. रॉड आडवा धरून स्पूल मोकळं करणारं बटण दाबलं की लुअर हळूहळू खाली यायला हवं आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबायला हवं. मग ब्रेक निम्म्याच्या वर ठेवून आरामात फेका, जोर लावू नका. गुंता कुठे पडतो ते बघत राहा, कारण चूक कशात आहे ते तिथेच दिसतं. सुटताक्षणी पडला तर ब्रेक कमी आहे किंवा तुम्ही झटका दिलात. मध्ये हवेत पडला तर त्या लुअरला, त्या वाऱ्याला ब्रेक अपुरा आहे. लुअर पडल्यावर झाला तर रिळाला दोष नाही, अंगठा उशिरा टेकला. ब्रेक एकेक अंक कमी करत जा आणि अंगठा न लावता स्वच्छ फेक देणारा शेवटचा अंक प्रत्येक लुअरसाठी लिहून ठेवा. चांगल्या रिळात स्पून आणि फ्रॉग यांच्या अंकांमध्ये थोडंच अंतर पडतं. फ्रॉगला ब्रेक शेवटच्या अंकावर नेऊनही गुंता होत असेल तर ते रीळ मरळीसाठी घेऊ नका, दुकानदार बेअरिंग कितीही मोजून दाखवो.

गुंता पडलाच तर दोरी ओरबाडू नका. ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की दोरी सुटू देणारी सोय) घट्ट करा, अंगठ्याने स्पूल दाबून धरा, हँडलचे दोन-तीन वेढे द्या, मग बटण दाबून दोरी हळू ओढा. बहुतेक गुंते एवढ्यानेच सुटतात.

मरळीला २०-२५ मीटरची अचूक फेक पुरते, म्हणून १५० मीटर दोरी भरू नका. हलक्या लुअरसाठी उथळ स्पूलचं रीळ मिळालं तर उत्तम. खोल स्पूलच असेल तर काठोकाठ भरण्याऐवजी थोडं कमी भरा, फिरणारं वजन कमी होतं. मात्र दोरी ओढण्याचा वेगही घटतो. ७.३:१ गिअरचं (हँडलच्या एका वेढ्यात स्पूल ७.३ वेळा फिरवणारं) रीळ ३४ मिलिमीटर व्यासावर भरलेलं असेल तर हँडलच्या एका वेढ्यात सुमारे ७८ सेंटिमीटर दोरी येते. भरलेला व्यास २८ वर आला की तेच ६४ होतं. खोक्यावरचा गिअरचा आकडा वाचताना हे लक्षात ठेवा. ब्रेडखाली साध्या नायलॉन दोरीचे काही वेढे द्या, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर सगळी ब्रेड गरगर फिरते.

गिअरचं थोडक्यात. फ्रॉगला ७ च्या वरचं हवं, कारण मरळीने फ्रॉग घेतला की सैल दोरी पटकन आवरून तिला जलपर्णीतून वर काढावं लागतं. खोल जाणाऱ्या क्रँकबेटला ५.४ ते ६.३ बरं, हात कमी दुखतो. पण मरळ काठाच्या वनस्पतीत दबा धरून बसणारी, तिच्यासाठी खोल क्रँकबेट क्वचितच लागतो. एकच घ्यायचं तर ७.३ घ्या आणि क्रँकबेटला हँडल सावकाश फिरवा.

ड्रॅगही तपासाच. दोरी रॉडच्या कड्यांमधून काढून वजनकाट्याला बांधा, रॉड वाकलेला धरून ओढा. १८ किलो ताण सोसणाऱ्या ब्रेडला साधारण साडेचार किलोवर ड्रॅग सुटायला हवा, आणि तो सलग सुटायला हवा, धक्के देत नाही. हँडल उलट दिशेने जोरात दाबून बघा. ते किंचितही मागे सरकलं तर गळ रोवताना सगळा जोर वाया जाणार.

हे सगळं जमल्यावर पाण्यावर जा. गंगापूर, दारणा, मुकणे, कुठल्याही धरणावर मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यांना विचारूनच गळ टाका. नांदूर मध्यमेश्वरला रॉड नेऊच नका. ते अभयारण्य आहे, राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पावसाळ्यात पिल्लांचा लालसर घोळका पाण्यावर दिसला तर तिथे फ्रॉग फेकू नका, खाली त्यांना राखणारी मरळ असते. ती काढलीत तर सगळी पिल्लं जातात. हे मी कळवळून सांगतो, कारण अशी मरळ हमखास हल्ला करते आणि मोह होतो.

तुमचा रॉड किती ग्रॅमच्या लुअरसाठी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. कडक, जड रॉड ७ ग्रॅमला वाकतच नाही आणि बोल रिळाला लागतो. दांड्यावर हँडलच्या वर तो आकडा छापलेला असतो, तो कळवा.