डोळे आले असता घरी काय करावे : वाचकांचे प्रश्न, नेत्रवैद्याची उत्तरे

प्रश्न : आमचे गाव खानापूर तालुक्यात आहे. रोप लावणीच्या दिवसांत धाकट्या मुलाचे डोळे आले आणि पंधरा दिवसांत घरातील चौघांना तोच त्रास सुरू झाला. सासूबाई तगरीच्या फुलांचा रस, मध किंवा तुरटीचे पाणी डोळ्यांत घालायला सांगतात. शेजारच्या बाळंतिणीचे दूध घालावे, असेही एकीने सुचवले. मुलाला औषधांच्या दुकानातून आणलेले थेंब चार दिवस घातले, तरी गुण आलेला नाही. यांतले काय करावे आणि काय करू नये? (एक गृहिणी, खानापूर तालुका)

उत्तर : ताई, आपण लिहिलेले चारही उपाय डोळ्याच्या आत घालण्याचे आहेत, आणि माझी हरकत नेमकी तेवढ्यालाच आहे. डोळ्याच्या बाहेरून जे करता येते ते घरी अवश्य करावे, आणि त्याने आराम पडतोही. परंतु डोळ्याच्या आत जाणारी वस्तू निर्जंतुकच असली पाहिजे, आणि स्वयंपाकघरातील किंवा परसातील कोणतीही वस्तू तशी नसते.

पावसाळ्यात साथीने येणारे डोळे बहुधा विषाणूमुळे येतात, आणि त्यांतही ॲडिनोव्हायरस हा नेहमीचा. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण ५ ते १२ दिवस जातात. म्हणूनच आपल्या घरात सगळे एकदम न पडता एकामागून एक पडले. अशा दुखण्यात डोळा लाल होतो, पाणी वाहते, आत वाळू गेल्यासारखे खुपते, आणि पहिल्या डोळ्यामागून दोन-चार दिवसांत दुसराही येतो. जिवाणूंच्या संसर्गात घट्ट पिवळसर पू येतो आणि सकाळी पापण्या चिकटून बसतात. दोन्ही डोळ्यांना खाजच अधिक असेल, तर ती बहुधा ॲलर्जी असते आणि ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. विषाणूमुळे आलेले डोळे एक ते दोन आठवड्यांत, क्वचित तीन आठवड्यांत आपोआप बरे होतात. या दिवसांत जो उपाय चालू असेल त्यालाच गुणाचे श्रेय मिळते, आणि मधाची किंवा तुरटीची ख्याती बहुतांशी अशीच झालेली आहे.

तगरीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात ती बहुतेक परसांत असते आणि आपले कन्नड शेजारी तिला नंदीबट्टलु म्हणून डोळ्यांसाठीच ओळखतात. पहाटेची दवाने भिजलेली फुले मिटलेल्या डोळ्यांवर ठेवली की गार वाटते, हे खरे आहे. तो गारवा ओल्या कापडाच्या घडीनेही तितकाच मिळतो. मात्र तगरीचे पान किंवा देठ मोडला की पांढरा चीक येतो, आणि फुले खुडून कुस्करताना तो रसात उतरतो. असा चीक बुबुळाला लागला, तर आधीच सुजलेला डोळा आणखी पेटतो. सासूबाईंचे मन मोडायचे नसेल, तर स्वच्छ धुतलेली, देठ काढलेली फुले मिटलेल्या पापण्यांवर ठेवू द्यावीत. रस मात्र डोळ्यांत घालू देऊ नये.

मधाने डोळा झोंबतो आणि भरपूर पाणी येते. घाण निघून गेली असे लोक समजतात, प्रत्यक्षात ती केवळ जळजळ असते. तुरटीचेही तसेच. आईच्या दुधात बाळाला उपकारक असे पुष्कळ काही असते, पण ते निर्जंतुक नसते, आणि वाटीत काढून दुसऱ्या घरी नेलेले दूध तर मुळीच नाही. जन्मल्यापासून महिनाभराच्या आतील बाळाच्या डोळ्यांतून पू येत असेल, तर दूध, काजळ वा अन्य काही न घालता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. त्या वयातील काही संसर्ग फार थोड्या वेळात बुबुळ खातात.

आपल्याकडे डोळे आले की हळदीत बुडवून वाळवलेले फडके त्या माणसाला स्वतंत्र देण्याची जुनी रीत आहे. मला त्यातील हळदीपेक्षा स्वतंत्र फडक्याचे मोल अधिक वाटते. न्हाणीच्या दाराशी खिळ्याला एकच पंचा असतो, मूल तोंड धुऊन त्याला डोळे पुसते, मागून वडील पुसतात, आणि साथ त्या खिळ्यावरून घरभर फिरते. हा विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक दिवस, कधी आठवडेसुद्धा तग धरतो, आणि सॅनिटायझरने तो सहजासहजी मरत नाही. साबणाने चोळून हात धुणे हेच अधिक भरवशाचे. नुसते डोळ्यांत पाहिल्याने डोळे येत नाहीत. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात आणि कर्नाटकात मोठी साथ आली, तेव्हा घराघरांत काळे चष्मे दिसले. चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात डोळ्यांकडे कमी जातो, एवढाच त्याचा उपयोग.

म्हणून घरी असे करावे. पाणी उकळून गार करावे, त्यात स्वच्छ कापूस भिजवून पिळावा आणि नाकाकडून कानाकडे एकदाच पुसून तो कापूस टाकून द्यावा. दुसऱ्या डोळ्याला दुसरा कापूस घ्यावा. दिवसातून तीन-चार वेळा स्वच्छ गार घडी मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवावी. ज्याचे डोळे आले आहेत त्याचा पंचा, उशीचा अभ्रा आणि रुमाल वेगळा ठेवून रोज गरम पाण्याने धुवावा. डोळ्यांतून पाणी किंवा पू येत आहे तोवर मुलाला शाळेत पाठवू नये.

आता दुकानातून आणलेल्या थेंबांविषयी, ज्याची मला आपल्या पत्रात सर्वांत अधिक काळजी वाटली. ती बाटली उजेडात धरून बारीक अक्षरांतील नावे वाचावीत. त्यात डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन असे लिहिले असेल, तर ते स्टेरॉइड आहे. त्याने लाली लवकर उतरते म्हणून ते गुणकारी वाटते. परंतु आत नागिणीच्या जातीच्या विषाणूचा किंवा बुरशीचा संसर्ग असेल, तर तो त्याच्या आडोशाने वाढतो, आणि बरेच दिवस घातल्यास डोळ्यातील दाबही वाढू शकतो. नुसते प्रतिजैविक असेल, तर विषाणूवर त्याचा परिणाम होत नाही. मुलाला बाटलीसह नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा चिपडे पुसल्यावरही अंधुकच दिसत असेल, तर उद्यावर ढकलू नये.

प्रश्न : मी निपाणीजवळ राहते. पापणीवर वरचेवर रांजणवाडी येते. लसणाची पाकळी चोळावी का? (एक वाचक)

उत्तर : लसूण चोळू नये, पापणीची कातडी पातळ असते, ती भाजते. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात भिजवून मिटलेल्या पापणीवर दहा मिनिटे धरावे, असे दिवसातून तीन-चार वेळा करावे. फोड दाबू नये. वरचेवर येत असल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी आणि पापण्यांच्या कडा रोज स्वच्छ ठेवाव्यात. तंबाखूच्या वखारीत किंवा विड्यांचे काम करत असाल, तर हात धुतल्याशिवाय डोळ्याला बोट लावू नये.

प्रश्न : आम्ही अथणी तालुक्यातले. ऊस तोडताना भावाच्या डोळ्याला पात लागली. डोळे आले असे समजून आठवडाभर घरगुती औषधे केली. आता बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसतो. काय करावे? (एक शेतकरी)

उत्तर : दादा, हे डोळे येणे नव्हे. उसाची पात, भाताचे तूस किंवा काटा लागून बुबुळावर ओरखडा उमटतो, त्यातून बुरशी आत शिरते, आणि पांढरा ठिपका ही तेथे जखम चिघळल्याची खूण असते. या दुखण्याला घरगुती उपाय नाही. हे पत्र छापून येईपर्यंत आपण थांबला नसाल अशी मनापासून आशा करतो. थांबला असाल, तर आजच तालुक्याच्या किंवा बेळगावच्या मोठ्या रुग्णालयातील नेत्र विभागात भावाला न्यावे. तेथे जखमेचा अंश खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि बुरशी आढळल्यास नॅटामायसिनसारखे थेंब सुरुवातीला तासातासाला, पुढे कित्येक आठवडे घालावे लागतात. ठणका कमी झाला म्हणून ते मध्येच थांबवू नयेत. डोळ्यावर घट्ट पट्टी बांधू नये. आजवर डोळ्यांत जे जे घातले, मग तो कोणाच्या सांगण्यावरून पिळलेला पाल्याचा रस का असेना, ते सगळे आणि किती दिवस घातले ते न लाजता डॉक्टरांना सांगावे, आणि थेंबांच्या सर्व बाटल्या बरोबर न्याव्यात.