खिडक्यांआधी छपराकडे बघा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पावसाळी थंडी दोन महिन्यांवर आली आहे. वडिलांच्या खोलीच्या कोपऱ्यात दरवर्षी ओल येते आणि सकाळी काचांवर पाणी जमतं. म्हणून घरभर दुहेरी काचांच्या खिडक्या बसवायचा तुमचा विचार आहे. त्यासाठी अर्धे पैसे आपत्कालीन निधीतून काढायचे आणि अर्धे 12 टक्के व्याजाच्या कर्जातून. एकूण खर्च तुमच्या आठ वर्षांच्या हीटिंग बिलाएवढा आहे आणि कंत्राटदार म्हणतो, बिल पाव हिश्शाने उतरेल.

यंदा हे करू नका.

कंत्राटदाराचा शब्द पूर्ण खरा धरला, तरी वर्षाला पाव बिल वाचून आठ वर्षांच्या बिलाएवढे पैसे वसूल व्हायला 32 वर्षं लागतील. कर्ज चार वर्षांच्या बिलाएवढं आहे. त्याचं पहिल्या वर्षाचं व्याजच अर्ध्या वर्षाच्या बिलाच्या जवळपास जातं. म्हणजे वाचणार पाव आणि व्याजात जाणार अर्धं, शिवाय अडीनडीची पुंजी रिकामी होणार ती वेगळीच.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की पन्हळ भरून पाणी भिंतीवरून वाहतं. मला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. काचेवरचं पाणी आणि कोपऱ्यातली ओल ही बहुधा दोन वेगळी दुखणी आहेत. पाऊस झाल्यावर डाग गडद होत असेल, तर पाणी बाहेरून येतंय आणि नवी खिडकी ते थांबवणार नाही. काचेवरचं पाणी मात्र घरातल्याच हवेतलं असतं. खोलीत 20 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असली, तर 12 अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. स्वयंपाक, आंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे यांची वाफ बाहेर काढायला फारसा खर्च येत नाही. ती तशीच कोंडून घट्ट खिडक्या बसवल्या, तर काचेवरचं पाणी गार भिंतीवर जाऊन बुरशी धरण्याची भीती असते.

म्हणून आधी पन्हळ साफ करून घ्या आणि छपराची गळती बुजवा. मासिक बचतीतून भागलं तर उत्तमच. नाही भागलं तर आपत्कालीन निधीला हात लावा, इथे माझी हरकत नाही, कारण गळतं छप्पर ही खरी आपत्ती आहे. विम्यावर भिस्त ठेवू नका. वर्षानुवर्षं मुरलेल्या ओलीची भरपाई घरविम्यात सहसा मिळत नाही. पॉलिसीतली अपवादांची यादी आजच वाचा.

छप्पर कोरडं झालं की पोटमाळ्यावर इन्सुलेशन घाला. क्रम उलटा करू नका, भिजलेलं इन्सुलेशन ऊब धरत नाही. पोटमाळ्यातल्या उघड्या नळांनाही आवरण घाला. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, आणि फुटलेल्या नळाची दुरुस्ती आवरणाच्या कितीतरी पट महाग पडते. दारं-खिडक्यांच्या फटींना पट्ट्या लावायचं काम तुम्ही एका सुट्टीत उरकाल. मात्र गॅस किंवा लाकूड जळत असलेल्या खोलीतली हवेचे झरोके कधीही बुजवू नका, आणि तिथे कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म हवाच.

वडिलांच्या खोलीत मात्र काटकसर नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत थंडीत घरात किमान 18 अंश सुचवले आहेत, आणि वयस्कर माणसांना याहून जास्त ऊब लागू शकते असंही म्हटलं आहे. बिल वाढलं तरी चालेल. त्या एका खोलीची खिडकी खरोखरच कुजली असेल, तर तेवढी बदला, तीही रोखीने.

छपरासाठी दोन वेगवेगळ्या माणसांकडून लेखी अंदाज घ्या. तोवर आर्द्रतामापक आणून वडिलांच्या खोलीतला सकाळ-संध्याकाळचा आकडा महिनाभर लिहून ठेवा. दोन्ही मला पाठवा, मग पुढच्या वर्षी खिडक्यांसाठी दरमहा किती बाजूला टाकायचे ते ठरवू.